अज्ञान कोणास म्हणावे?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. उपदेश वाईट नाही. परंतु शहाणा कोर्टाची पायरी चढला नाही म्हणून कोर्ट शहाण्याची पायरी चढावयाचे थांबत नाही. ते नोटिशीच्या रूपाने घरी येते. पोस्टमन किंवा बेलिफ दारात उभा राहतो, घरचा कर्ता पोच म्हणून सही अगर अंगठा करतो, कागद देव्हाऱ्यामागे खोचला जातो, आणि त्या दिवसापासून मुदत चालू होते. कागदात काय लिहिले आहे हे घरात कोणास उमगलेले नसते. परंतु मुदत कोणाच्या उमगण्याची वाट पाहत नाही.

आमची शाळा ज्या भागात आहे तेथे हे वरचेवर घडते. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या जमिनीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जी मोठी वसाहत उभी आहे, तिला पंचतारांकित म्हणतात. हा शब्द प्रथम कानी आला तेव्हा कित्येक भोळ्या माणसांस वाटले की, येथे आता मोठाली हॉटेले निघणार. हॉटेले निघाली नाहीत, कारखाने निघाले. वसाहतीच्या नावापासूनच अशी गफलत, मग तिच्या कागदपत्रांविषयी काय बोलावे! कोणाची जमीन त्या शिवारात गेली, कोणाचा मुलगा तेथे कंत्राटदाराच्या हाताखाली पाळी करतो. दोघांनाही कागद येतात, आणि दोघेही ते घेऊन शाळेच्या व्हरांड्यात येतात. गावात मास्तर म्हणजे वाचता येणारा माणूस, अशी समजूत आहे. ती किती अपुरी आहे, हे आम्ही आमच्याच एका चुकीवरून सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही अध्यापक विद्यालयातून शिकून नुकतेच मराठी शाळेवर रुजू झालो होतो. गावच्या काही शेतकऱ्यांची जमीन एका कालव्यासाठी गेली होती. एके दिवशी शाळा सुटतेवेळी एक वयस्क शेतकरी कागद घेऊन आले. सारा गाव त्यांस तात्या म्हणे.

“मास्तर, ह्यात काय लिवलंय ते जरा वाचून दावा की.”

आम्ही वाचून दाखविले. निवाडा, हितसंबंधित व्यक्ती, मोबदल्याची रक्कम स्वीकारणे, सारे खणखणीत वाचले. एक अक्षर चुकले नाही.

“म्हंजे वो काय?” तात्यांनी विचारले.

आम्हांस त्याचा अर्थ येत नव्हता, आणि येत नाही असे म्हणावयाची लाज वाटली. आम्ही ऐटीत सांगितले, “काही काळजी करू नका तात्या. पैसे न्यायला बोलावले आहे.”

तात्या गेले, पैसे घेतले, आणि बोट दाखविले तेथे सही केली. त्यांच्या बांधकऱ्यानेही त्याच भावाने पैसे घेतले. पण त्याच्या पुतण्याने शिकविल्यावरून सहीच्या वर एक ओळ लिहिली, ‘रक्कम मान्य नाही, हक्क राखून घेत आहे.’ पुढे त्याने मुदतीत अर्ज केला, प्रकरण कोर्टाकडे गेले, आणि कोर्टाने त्याचा दर वाढवून दिला. जमीन एकाच बांधाच्या दोन अंगांची, माती एक, पाणी एक. एकास वाढीव मोबदला मिळाला, दुसऱ्यास मिळाला नाही. फरक केवळ त्या एका ओळीचा!

त्या वेळी लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात असे होते की, जो हरकत न नोंदविता रक्कम उचलतो, त्यास पुढे मोबदला वाढवून मागण्यासाठी प्रकरण कोर्टाकडे पाठवा असे म्हणता येत नाही. जो हरकत नोंदवितो, त्यानेही निवाड्याच्या वेळी हजर असल्यास सहा आठवड्यांत लेखी अर्ज द्यावयाचा. हजर नसल्यास निवाड्याची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते खरे. इतकेच नव्हे, तर ज्यांनी असा अर्ज केलाच नाही अशा गरिबांसाठी त्याच कायद्यात पुढे कलम २८-अ घातले गेले होते. त्याच अधिसूचनेतील शेजाऱ्याचा मोबदला कोर्टाने वाढविला, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत अर्ज करून आपलाही मोबदला पुन्हा ठरवून मागता येत असे. म्हणजे तात्यांकरिता दुसरे दारही उघडे होते. परंतु ते आमच्याकडे आले तेव्हा ते तीन महिने केव्हाच उलटून गेले होते. ते आम्हांस रागाचा एक शब्दही बोलले नाहीत. “तुमचा काय दोष मास्तर, आमचंच नशीब,” एवढेच म्हणाले.

ते नशीब नव्हते. ती आमची विद्या अपुरी होती. १८९४ चा कायदा जाऊन त्याच्या जागी आलेला नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. हरकत नोंदविण्याची, सहा आठवड्यांची आणि तीन महिन्यांची गोष्ट त्यातही आहे. सबब हा जुना इतिहास नव्हे.

आता शीर्षकातील प्रश्नाकडे वळू. कोर्टात आणि सातबाऱ्यावर अज्ञान या शब्दाचा अर्थ अठरा वर्षे पुरी न झालेला, एवढाच आहे. नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहिलेले असते, ते अज्ञान पालनकर्ता याचे लघुरूप. त्या हिशेबाने तात्यांचा सातवीत शिकणारा नातू, जो घडाघडा वाचतो, तो अज्ञान. आणि ज्यांस आपल्या सहीखाली काय आहे हे समजले नाही, ते तात्या सज्ञान! शिवाय कायद्याचे म्हणणे असे की, कायदा ठाऊक नव्हता ही सबब कोणाची चालणार नाही. हा नियम नसता तर प्रत्येक लबाड मनुष्य ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणून सुटला असता, हे आम्हांसही कळते. परंतु ज्याने सर्वांस कायदा ठाऊक आहे असे धरून चालावयाचे, त्याने तो सर्वांस समजेल अशा बोलीत सांगितलाही पाहिजे. एक बाजू घ्यावयाची आणि दुसरी सोडावयाची, हा न्याय नव्हे.

पंचतारांकित वसाहतीसारख्या कामास लागणारी जमीन १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाने घेतात. त्यातील चार शब्द पाहा. पहिला शब्द संपादन. आम्ही या पत्राचे संपादन करतो, विद्यार्थी गुण संपादन करतो. म्हणजे संपादन ही मिळविण्याची गोष्ट. जमिनीच्या कागदावरही अर्थ तोच, फक्त मिळविणारे सरकार आणि गमावणारे आपण, हे तो शब्द सांगत नाही. दुसरा शब्द ‘कारणे दाखवा’. हा दिसला की आमचा माणूस घाबरतो, कारण नोकरीतील माणसास कसूर झाली म्हणजे अशी नोटीस येते हे त्याने ऐकलेले असते. आपण गुन्हा केला असे समजून तो गप्प बसतो. वास्तविक कलम ३२ ची ही नोटीस म्हणजे जमीन का घेऊ नये हे सांगण्याची कायद्याने दिलेली संधी आहे. ज्या कागदाने बोलावयास सांगितले, तो वाचूनच माणूस मुका होतो, याहून विपरीत ते काय?

तिसरा शब्द ‘निहित होणे’. राजपत्रात संपादनाची अधिसूचना छापून आली की त्या दिवसापासून जमीन सरकारात निहित होते, म्हणजे मालकी सरकारची होते. रानात ऊस उभा असेल, मोटर चालू असेल, पण मालक बदललेला असतो. आणि चौथा, ‘सर्व भारांपासून मुक्त’. भार म्हणजे बोजा. आमच्या शेतकऱ्यास सातबाऱ्यावरील सोसायटीचा बोजा ठाऊक असतो, म्हणून तो आनंदाने म्हणतो की, कर्ज फिटले. कर्ज फिटलेले नसते. जमीन बोजातून मोकळी होते, माणूस नव्हे. धनको आता मोबदल्याच्या रकमेवर हक्क सांगावयास येतो.

‘हितसंबंधित व्यक्ती’ हा शब्द तर घराघरांत भांडण लावतो. मोबदल्यात ज्याचा म्हणून हक्क पोहोचतो असा प्रत्येक जण हितसंबंधित. त्यात कूळ येते, गहाण घेणारा येतो, आणि लग्न होऊन परगावी गेलेली बहीणही येते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली काही अटींवर दिला आणि २००५ साली तो साऱ्या देशात लागू झाला. मोबदल्याची वार्ता आली की भावांस बहिणीची आठवण होते. तिला लुगडेचोळी करून आणतात, गोडाधोडाचे जेवण घालतात, आणि ‘संमती पाहिजे गं आक्का, तेवढी सही कर’ म्हणून नोंदणी कचेरीत नेतात. कागदाचे नाव असते हक्कसोडपत्र. संमती म्हणजे हो म्हणणे. हक्कसोड म्हणजे आपला वाटा कायमचा सोडून देणे. भावाच्या प्रेमाने जी बहीण आपण होऊन वाटा सोडील, तिला आम्ही हात जोडू. परंतु शब्दाचा अर्थ झाकून ठेवून जो भाऊ सही घेतो, त्यास दान मिळाले असे आम्ही म्हणणार नाही.

जमिनीबाहेरही हाच प्रकार आहे. पतसंस्थेच्या कर्जाच्या कागदावर मित्राकरिता सही करणाऱ्यांस साक्षीदार आणि जामीनदार यांतील भेद कितीसा ठाऊक असतो? साक्षीदार एवढेच सांगतो की, सही माझ्यासमोर झाली. जामीनदार सांगतो की, याने न दिले तर मी देईन. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या बरोबरीची असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे त्यास म्हणता येत नाही. ताकीद या शब्दाचेही तसेच. घरात वडिलांनी दिलेली ताकीद संध्याकाळपर्यंत विसरली जाते. दिवाणी कोर्टाची ताकीद म्हणजे मनाई हुकूम. तो मोडल्यास मिळकत जप्त होते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेतही बसावे लागते. ‘दावा निकाली काढला’ हे ऐकून पेढे वाटणारे लोक आम्ही पाहिले आहेत. निकाली काढला म्हणजे कोर्टाच्या पटावरून उतरविला, एवढेच. जिंकला की हरला हे पुढच्या ओळीत असते, आणि ती ओळ वाचावयास कोणी थांबत नाही.

कारखान्यातील आमच्या तरुणांस वाटते की, हे शेतकऱ्यांचे दुखणे आहे, आपण शिकलेले आहोत. त्यांनी आपल्या खिशातील कागद पाहावे. काम कमी झाले की त्यांच्यापुढे एक छापील कागद येतो, ‘स्वखुशीने राजीनामा देत आहे, पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला.’ आता, एक वर्ष सलग काम केलेल्या कामगारास मालकाने कामावरून कमी करावयाचे, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर पुऱ्या वर्षास पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. परंतु राजीनामा देणाऱ्यास ही भरपाई नाही. ‘कमी केले’ आणि ‘राजीनामा दिला’ या दोन शब्दांच्या मधल्या फटीत गरिबाचे कित्येक दिवसांचे घामाचे पैसे पडतात. ‘मुख्य नियोक्ता’ हाही असाच न ओळखलेला मित्र. कंत्राटदाराने मजुरी बुडविली, तर ती देण्याची जबाबदारी ज्याच्या कारखान्यात काम केले त्या मालकावर येते. कंत्राटदार पळाला म्हणून कपाळास हात लावणाऱ्या किती जणांस हा शब्द ठाऊक आहे?

हे असे का झाले? आदिलशाही-मोगलाईत दरबारची भाषा फारसी होती. अर्ज, फिर्याद, वकील, कैफियत, दरखास्त, जप्ती, तहकूब हे शब्द त्या वाटेने आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसीच्या जागी संस्कृत शब्द योजावयाचा यत्न केला. पुढे इंग्रज आले आणि वरच्या कोर्टांत इंग्रजी बसली. स्वराज्य आल्यावर अधिनियम, अधिसूचना, निहित, नियोक्ता असे शब्द पुन्हा संस्कृतातून घडविले गेले. दरबाराने इतक्या वेळा भाषा बदलली. रयतेने मात्र प्रत्येक वेळी दाराबाहेर बसून ‘आत काय बोलले?’ असेच विचारले. मधल्या सांगणाऱ्याचे मात्र प्रत्येक राज्यात फावले. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो कचेरीतील याच अंधारावर.

आमच्या कागलच्या मातीला तर हे सहन होता कामा नये. येथील घाटग्यांच्या घरातून दत्तक गेलेल्या शाहू छत्रपतींनी करवीर राज्यात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१८ साली कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. एकीने रयतेस अक्षर दिले, दुसरीने दप्तर एका घराच्या मुठीतून सोडविले. अस्पृश्य मानलेल्या लोकांसही त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती जमीन, हे महाराजांनी ओळखले होते. आज अक्षर सर्वांस मिळाले, पण अर्थ मिळाला नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. जिल्हा व त्याखालील कोर्टांची भाषा मराठी, हे २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने ठरले. भाषा संचालनालयाने न्याय व्यवहार कोश काढला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले, आणि सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांचा मुंबईचा खेटा चुकला. ही मोठी सोय झाली. परंतु उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजीतच चालते. कोर्ट जवळ आले. शब्द होते तेथेच आहेत.

यावर काही विद्वान म्हणतील की, कायद्याचा शब्द नेमका असावा लागतो, बोलीत तो नेमकेपणा येत नाही, आणि अडाण्यास तो समजणारही नाही. नेमकेपणाचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. दुसरे मुळीच मान्य नाही. सातबारा हा शब्द काय आहे? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, म्हणजे निव्वळ कचेरीतील आकडे. तो आज निरक्षर म्हातारीच्याही तोंडी आहे. चाळीस गुंठ्यांचा एकर हे मोजमाप कुणब्यास वकिलाहून नेमके ठाऊक असते. फसवणुकीचे कलम चारशेवीस तर शिवी होऊन बसले! १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली आणि त्या गुन्ह्यास कलम ३१८ लागू झाले, तरी लोक चारशेवीसच म्हणतात. म्हणजे ज्या शब्दाशी रोजचा संबंध येतो आणि ज्याचा अर्थ कोणीतरी सांगतो, तो कितीही कचेरीतील असला तरी रयत आपला करते. शब्द बदलू नका, पण सांगा. एवढीच मागणी आहे.

ती मागणी आम्ही तीन ठिकाणी करतो. पहिली सरकारकडे. जमीन, कर्ज किंवा नोकरी यांसंबंधी जी नोटीस निघेल, तिच्या माथ्यावर साध्या मराठीत चार ओळी असाव्यात. तुमचे काय जाणार आहे, तुम्हांस काय म्हणता येईल, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाकडे, आणि गप्प बसल्यास काय होईल. दुसरी आमच्या शिक्षकबंधूंकडे. सातवीच्या मुलास निबंध लिहिता यावा हे ठीक, पण घरचा सातबारा, वीजबिल आणि एक नोटीस वाचून तिचा अर्थ आईबापांस सांगता यावा, हेही शिक्षणच आहे. त्यास वेगळे पुस्तक नको; शनिवारचा एक तास पुरे. आणि ज्या शब्दाचा अर्थ आपणांस येत नाही, तो येत नाही असे सांगावयाची लाज सोडावी. ती लाज आम्ही एकदा धरली. तिची किंमत दुसऱ्याने भरली.

तिसरी मागणी तुमच्याकडे, शेतकरी व कामगार बंधूभगिनींनो. सही करण्यापूर्वी विचारा. ‘हे घेऊन मी काय सोडतो आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हात मागे ठेवा. नोटिशीच्या पाकिटावर ती मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. विधी सेवा म्हणजे देवाधर्माचे विधी नव्हेत, वकिलाचा फुकट सल्ला आणि मदत. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांस ती मिळते. त्यांच्या उत्पन्नाची अट नाही. १५१०० या नंबरावर फोन केला तरी वाट कळते. ज्या वसाहतीच्या दारात पाळीगणिक कामगारांची रीघ लागते, त्या दारात ही पाटी कोणी लावील तर पुण्य लागेल.

तात्या आज हयात नाहीत. त्यांचा तो सातवीतील नातू आता वसाहतीत कामास जातो. मागील महिन्यात तो एक कागद घेऊन शाळेत आला. सही झालेली नव्हती. “आधी अर्थ सांगा मास्तर, मग बघू,” असे म्हणाला. त्या कागदातील दोन शब्द आम्हांसही येत नव्हते. आम्ही तसे स्पष्ट सांगितले, आणि दोघे मिळून तालुक्यास गेलो.